झरीचा वारा आणि शिडाचीं जहाजें

परभणीहून जिंतुराकडे जाणाऱ्या सडकेवर झरी हें गांव लागतें. पश्चिम समुद्र येथून सरळ रेषेनें मोजला तरी सुमारें ४०० किलोमीटर दूर आहे, आणि मध्यें सह्याद्रीची भिंत उभी! ज्वारी, कापूस, तूर व अलीकडे सोयाबीन पिकविणाऱ्या या काळ्या भुईंत डोलकाठी, परबाण, सुकाणूं हे शब्द कानांवर पडावेत तरी कसे? तेव्हां झरीच्या वाचकापुढें शिडाच्या जहाजांची कथा मांडणें म्हणजे वाळवंटांत छत्र्या विकण्यासारखें आहे, असें एखाद्यास वाटल्यास त्याला दोष देतां येणार नाहीं. पण थोडा विचार केला तर असें दिसतें कीं, या गांवाचा आणि शिडाचा पोशिंदा एकच आहे, आणि तो म्हणजे वारा.

जून महिन्यांत नैर्ऋत्येकडून येणारा जो वारा झरीच्या शेतांवर पाऊस आणतो, तोच वारा दोन हजार वर्षांपूर्वीं तांबड्या समुद्राच्या मुखाशीं थांबलेल्या जहाजांस हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर आणून सोडीत असे. ऐन आषाढांत किनारा गांठणें जिवावरचें काम. म्हणून व्यापारी मिसर देशांतून जुलैच्या सुमारास निघत व पावसाळा ओसरतां ओसरतां आपल्या बंदरांत शिरत. हिवाळ्यांत वारा उलटून ईशान्येकडून वाहूं लागला कीं, तींच जहाजें माल भरून परत फिरत. ‘मोसमी’ हा आपला शब्द अरबी ‘मौसिम’वरून आला आहे आणि त्याचा मूळ अर्थ ठराविक काळ, हंगाम. खलाशानें तो समुद्रप्रवासाच्या काळास लावला, आणि शेतकऱ्यानें पावसास. हिप्पलस नांवाच्या एका तांडेलानें या वाऱ्याच्या बळावर भरसमुद्रांतून येण्याची वाट शोधून काढली, असें ग्रीक ग्रंथकार अभिमानानें सांगतात. परंतु आपल्या व अरबस्तानच्या दर्यावर्दी लोकांना ती वाट त्यापूर्वींच माहीत असली पाहिजे. ज्याच्या दारावरून वारा रोज जातो, त्याला तो परक्यानें येऊन दाखवावा लागत नाहीं.

इसवी सनाच्या पहिल्या शतकांत एका ग्रीक व्यापाऱ्यानें लिहिलेली ‘पेरिप्लस’ नांवाची समुद्रमार्गाची वही आजही उपलब्ध आहे. तींत सोपारा, कल्याण, चौल या बंदरांबरोबरच देशावरच्या दोन पेठांचा उल्लेख सांपडतो. भडोचेहून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तेथून पूर्वेस आणखी दहा दिवसांच्या वाटेवर तगर, म्हणजे आजचें धाराशिव जिल्ह्यांतील तेर. पैठणचे अकीक व तेरचें जाडेभरडें आणि तलम सुती कापड गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलुखांतून भडोचेस नेत व तेथून जहाजांवर चढवीत, असें हा व्यापारी लिहितो. म्हणजे मराठवाड्याच्या मातींत उगवलेला कापूस तेव्हांच समुद्र ओलांडून गेला होता! पुढें मुंबईच्या डोंगरी भागावरून ‘डोंगरी’ हें नांव पडलेलें जाड सुती कापड शिडांसाठीं व तंबूंसाठीं वापरीत. इंग्रजींतील ‘डंगरी’ हा शब्द त्याचाच. शेतांतल्या बोंडाचें शीड व्हावें, हें नातें वाटतें तितकें दूरचें नाहीं.

आणखी एक गोष्ट आपण विसरतों. समुद्र म्हटला कीं मराठी माणसाच्या डोळ्यांपुढें मुंबई किंवा रत्नागिरी उभी राहते. परंतु झरीच्या शिवारांत पडलेलें पाणी त्या बाजूला जातच नाहीं. तें दुधना-पूर्णेच्या खोऱ्यांतून गोदावरीस मिळतें आणि आंध्रांत बंगालच्या उपसागरास जातें. त्या मुखाशीं कोरिंगा व नरसापूर येथें शिडाचीं जहाजें बांधण्याचे नांवाजलेले कारखाने होते. झरीचा पाऊस पश्चिमेकडून येतो आणि पूर्वेच्या समुद्रास जाऊन मिळतो. दोन्ही टोकांस जहाजें आहेतच.

पण या सर्वांहून मोठा पुरावा मराठवाड्यांतच, अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यांत आहे. पांचव्या शतकाच्या अखेरीस रंगविलेल्या या लेण्यांतील भिंतीवर एक तीन डोलकाठ्यांचें जहाज आहे. उंच व अरुंद शिडें, नाळेवर रंगविलेला डोळा, मागें सुकाणूंचीं वल्हीं, आणि छपराखालीं ओळीनें मांडलेले रांजण. कथा पूर्ण नांवाच्या सोपाऱ्याच्या व्यापाऱ्याची; त्याचा भाऊ चंदन आणावयास गेला असतां जहाज तुफानांत सांपडतें आणि पूर्णाच्या पुण्याईनें वांचतें, असा तिचा आशय. अजिंठ्याच्या चित्रकारानें समुद्र पाहिला होता कीं नव्हता, कोण जाणे! परंतु पाण्याचे रांजण त्यानें विसरूं दिले नाहींत, त्या अर्थीं समुद्रावर गेलेल्या माणसाशीं त्याचें बोलणें खासच झालें असावें. खाऱ्या पाण्यानें वेढलेल्या माणसास गोड्या पाण्याची चिंता किती असते, तें घरीं बसून सुचत नाहीं.

या चित्रावरून अलीकडे एक खरेंखुरें जहाज बांधलें गेलें. भारत सरकारचें संस्कृति मंत्रालय, नौदल आणि गोव्यांतील ‘होडी इनोव्हेशन्स’ ही संस्था यांच्यांत २०२३ च्या जुलैंत करार झाला. या कल्पनेचा पाठपुरावा अर्थतज्ज्ञ संजीव सन्याल यांनीं केला. त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत तळाची फळी बसली, आणि २१ मे २०२५ रोजीं कारवार येथें ‘आयएनएसव्ही कौंडिण्य’ हें जहाज नौदलांत दाखल झालें. लांबी सुमारें २० मीटर. यांत फळ्या एकमेकींस खिळ्यांनीं ठोकलेल्या नसून काथ्याच्या दोरीनें शिवलेल्या आहेत. सांधे नारळाच्या तंतूंनीं व राळेनें बुजविलेले. अजिंठ्याचें चित्र जहाजाचा पाण्यावरचा भाग दाखवितें. पाण्याखालचा कसा होता तें चित्रकारास दाखविण्याचें कारण नव्हतें. तो भाग मद्रासच्या आयआयटींत नमुने तपासून ठरवावा लागला. पण शिवण्याचें काय? त्याचा नकाशा कोठेंच नव्हता. तें ज्ञान केरळांतील कांहीं सुतारांच्या हातांत तेवढें उरलें होतें. बाबू शंकरन् या वृद्ध कारागिराच्या देखरेखीखालीं त्या मंडळींनीं फळीमागून फळी शिवून काढली. त्यांचे हात थकण्यापूर्वीं हें काम निघालें हें नशीब म्हटलें पाहिजे. आणखी पंचवीस वर्षें गेलीं असतीं तर अजिंठ्याचें जहाज भिंतीवरच राहिलें असतें.

शिवलेल्या जहाजाविषयीं आपल्याकडील एक ग्रंथ काय म्हणतो तें पाहण्यासारखें आहे. भोजराजाच्या नांवावर असलेल्या ‘युक्तिकल्पतरु’ ग्रंथांत नौकांचे प्रकार, मापें, लांकडाच्या जाती, रंग व शोभा यांचें वर्णन आहे. त्यांत असें बजावलें आहे कीं, समुद्रांत जाणाऱ्या नौकेच्या फळ्या लोखंडानें जोडूं नयेत, कारण समुद्रांत लोहचुंबक असतो व तो नौकेस ओढून घेतो. समुद्रांतील चुंबकाच्या खडकांची ही गोष्ट अरबांच्या कहाण्यांतही येते. वस्तुतः कारण अगदीं साधें आहे. काथ्या खाऱ्या पाण्यांत फुगून सांधा अधिक घट्ट होतो, लोखंड मात्र गंजतें. शिवलेलें जहाज लाटेबरोबर थोडें लवतें, वाळूवर आपटलें तरी सहसा तडकत नाहीं, आणि दुरुस्ती करावयाची तर टांके उसवून फळी बदलतां येते. ही माहिती कोणत्याही सुतारानें पंडितास पांच मिनिटांत सांगितली असती. पंडितानें विचारलें नाहीं, आणि सुतारास लिहितां येत नव्हतें! आमच्या मतें हिंदुस्थानच्या नौकाविद्येची अर्धी शोकांतिका या एका श्लोकांत सांपडते. ज्यांच्या हातीं लेखणी होती त्यांनीं समुद्र टाळला, आणि कोळी, भंडारी, गाबीत, दालदी यांच्या तोंडीं जी विद्या होती ती त्यांच्याबरोबर चालली.

समुद्र टाळण्याची ही गोष्ट आपल्याच घरांतली असल्यामुळें तिजविषयीं थोडें स्पष्ट बोलावयास हरकत नाहीं. नव्या जहाजाचें नांव ‘कौंडिण्य’ आहे. हें नांव आपल्यापैकीं कित्येकांच्या घरीं संकल्पाच्या वेळीं गोत्र म्हणून उच्चारलें जातें. कौंडिण्य नांवाचा एक ब्राह्मण जहाजांतून पूर्वेकडे गेला, नागराजाची कन्या सोमा हिच्याशीं त्याचा विवाह झाला, आणि त्यांच्यापासून आजच्या कंबोडियाच्या भूमींतील फुनान राज्याचा वंश निघाला, अशी परंपरा आहे. चिनी बखरींत ती वेगळ्या नांवानें येते. आणि व्हिएतनाममधील मी सन येथील इ. स. ६५८ च्या संस्कृत शिलालेखांत, द्रोणपुत्र अश्वत्थाम्याकडून मिळालेला भाला या कौंडिण्यानें तेथें रोवला, असें कोरलेलें आहे. कथेंतील खरें-खोटें बाजूस ठेवलें तरी एवढें निश्चित कीं, सातव्या शतकांतील त्या लोकांना ब्राह्मणानें समुद्र ओलांडणें हें भूषण वाटत होतें.

आणि इकडे? बौधायनानें समुद्रप्रवास ही उत्तरेकडील लोकांची चाल म्हणून सांगितली आणि तिला प्रायश्चित्तही लाविलें. मनुस्मृतींत श्राद्धास न बोलावण्याच्या यादींत समुद्रयात्रा करणारा बसला आहे. परंतु त्याच स्मृतीच्या आठव्या अध्यायांत जहाजाच्या भाड्याचा व व्याजाचा दर ठरवितांना समुद्रप्रवासांत निष्णात असलेल्यांचें मत प्रमाण मानावें, असेंही सांगितलें आहे. श्राद्धाला नको, पण हिशेबाला हवा! पुढें निबंधकारांनीं कलिवर्ज्यांच्या यादींत समुद्रयान घातलें आणि प्रायश्चित्त घेतलेला द्विजही पंक्तींत घेऊं नये, इथपर्यंत मजल गेली. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनीं आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासांत कलिवर्ज्यांची छाननी केली आहे; ज्यांस या विषयांत रस असेल त्यांनीं तें प्रकरण मुळांतूनच वाचावें.

या नियमाची किंमत काय पडली याचें एक उदाहरण पेशवाईंतलेंच आहे. राघोबादादांनीं इंग्रजांकडे वकील पाठविले, त्यांत हणमंतराव नांवाचा ब्राह्मण होता. १७८१ सालीं तो इंग्लंडांत असतां त्याच्या सोवळ्या स्वयंपाकाची पंचाईत झाली, तेव्हां एडमंड बर्क या विख्यात वक्त्यानें आपल्या बंगल्याच्या आवारांतील कांचेचें झाडघर त्याला मोकळें करून दिलें. परत आल्यावर शुद्धीसाठीं सोन्याची योनि करून तिच्यांतून बाहेर पडण्याचा पुनर्जन्माचा विधि करावा लागला, असें त्या काळचे इंग्रज लेखक नमूद करतात. इंग्लंड कसें आहे, त्यांच्या गोदींत जहाजें कशीं बांधतात, हें त्या गृहस्थानें डोळ्यांनीं पाहिलें होतें. पण पुण्यांत चर्चा झाली ती शुद्धीची. सुमारें शंभर वर्षांनीं, १८८३ त, आनंदीबाई जोशी अमेरिकेस निघाल्या तेव्हांही वाद तोच होता; जहाज तेवढें वाफेचें होतें.

परंतु सर्वच ब्राह्मणांनीं समुद्राकडे पाठ फिरविली असें म्हणणें अन्यायाचें होईल. रामचंद्रपंत अमात्य यांच्या ‘आज्ञापत्रां’त, म्हणजे १७१५ च्या सुमारास, आरमारावर एक स्वतंत्र प्रकरण आहे, आणि तें लिहिणारा माणूस कागदावरच जहाजें हांकणारा नव्हे. गुराबा फार मोठ्या नकोत, फार लहान नकोत, मध्यम असाव्यात, हा त्यांतला सल्ला किनाऱ्याच्या खाड्या ठाऊक असल्याशिवाय देतां येत नाहीं. लांकडाविषयीं त्यांनीं जें लिहिलें आहे तें तर फारच मनोज्ञ आहे. आंबा-फणसाचीं झाडें आरमारास उपयोगीं खरीं; पण रयतेनें तीं लेंकराप्रमाणें वाढविलेलीं असतात, त्यांस जबरीनें हात लावूं नये; एखादें झाड जीर्ण झालें असेल तर धन्यास राजी करून, मोल देऊन न्यावें. जहाजाच्या डोलकाठीमागें कोणाचें परसूं आहे, याची जाणीव असलेला असा मुत्सद्दी विरळा.

मराठी आरमाराचा पाया शिवछत्रपतींनीं कल्याण-भिवंडी घेतल्यानंतर, १६५७ पासूनच्या दोन-तीन वर्षांत घातला. सिंधुदुर्गाचें काम १६६४ च्या नोव्हेंबरांत सुरू झालें. पुढील फेब्रुवारींत महाराज स्वतः आरमार घेऊन मालवणाहून बसनूरच्या स्वारीस समुद्रमार्गें गेले. तीन मोठीं जहाजें व पंचाऐंशीं लहान गलबतें त्या स्वारींत होतीं, असें इंग्रजांच्या कारवारकडील पत्रांत आहे. गुराब ही दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, उथळ तळाची. तिची नाळ पुढें बसकी निघालेली असे व तीवरून दोन तोफा नेमक्या समोर डागतां येत. गलबत त्याहून लहान. वारा पडला तरी चाळीस-पन्नास वल्ह्यांनीं पळणारें. वारा पडून इंग्रजांचें मोठें जहाज जागच्या जागीं खिळलें कीं, गलबतें गुराबेस दोरानें ओढीत त्याच्या पाठीमागें नेत आणि त्याच्या तोफांचा मारा जेथें पोंचत नाहीं तेथून गोळे टाकीत. कान्होजी आंग्रे १७२९ त वारले, तोंपर्यंत या युक्तीला इंग्रज, डच व पोर्तुगीज यांपैकीं कोणालाच तोड सांपडली नव्हती.

या आरमाराचा शेवट मात्र लिहितांना लेखणी अडखळते. कान्होजींचा पुत्र तुळाजी हा पेशव्यांचा अधिकार जुमानीत नसे, आणि त्याच्या वागण्यानें त्यानें शत्रू पुष्कळ करून ठेविले होते. त्याला वठणीवर आणण्यासाठीं नानासाहेब पेशव्यांनीं इंग्रजांशीं हातमिळवणी केली. १७५५ त सुवर्णदुर्ग पडला. १७५६ च्या फेब्रुवारींत ॲडमिरल वॉटसन् व क्लाईव्ह विजयदुर्गापुढें आले. तोफांचा भडिमार चालू असतां एका गोळ्यानें बंदरांतील एका जहाजानें पेट घेतला, आणि दाटीनें नांगरलेलें आंग्र्यांचें सबंध आरमार थोड्याच वेळांत जळून गेलें. किल्ला ठरल्याप्रमाणें पेशव्यांस देण्याऐवजीं इंग्रजांनीं तो कित्येक महिने दाबून ठेवला व शेवटीं बाणकोट पदरांत पाडून घेऊन मग सोडला. तुळाजीचें पारिपत्य करणें अवश्य होतें, हें मान्य करूनही आम्हांस असें वाटतें कीं, घरांतला भाऊ नीट चालत नाहीं म्हणून शेजाऱ्याकडून घराची भिंत पाडून घेण्याचा हा प्रकार झाला. देशावरच्या मुत्सद्द्यांस घोडदळाची किंमत कळत होती. जहाज म्हणजे काय याची कल्पना त्यांच्यापैकीं फार थोड्यांस होती. पुढें आनंदराव धुळपांनीं विजयदुर्गावर पेशव्यांचें आरमार सांभाळलें व १७८३ च्या एप्रिलांत इंग्रजांचें ‘रेंजर’ जहाज पाडाव केलें, ही गोष्ट खरी. पण कान्होजींचा काळ परत आला नाहीं.

जहाजें बांधण्याची विद्या मात्र मुंबईंत दुसऱ्याच हातांत फुलली. लवजी नसरवानजी वाडिया हे १७३६ त सुरतेहून मुंबईस आले व त्यांच्या घराण्यानें पिढ्यान् पिढ्या गोदी चालविली. मलबारी सागाचीं त्यांचीं जहाजें इतकीं टिकाऊ होतीं कीं, १८१७ च्या ऑक्टोबरांत जमशेटजी बमनजींनीं पाण्यांत सोडलेली ‘त्रिंकोमाली’ इंग्लंडांत हार्टलपूल येथें आजही तरंगती आहे. दोनशें वर्षांनंतरही तिचें सागाचें अंग शाबूत आहे.

येथें मुलांचा एक प्रश्न हमखास येतो. वारा मागून आला तर जहाज पुढें जाणार हें कळलें. पण समोरून आला तर? उत्तर देण्यासाठीं कलिंगडाची ओली बी घ्यावी व दोन बोटांच्या चिमटींत दाबावी. बोटें दोन्ही बाजूंनीं दाबतात, पण बी पुढें सटकते. जहाजाचेंही तसेंच होतें. एका बाजूनें तिरकस लावलेल्या शिडावर वारा रेटतो, दुसऱ्या बाजूनें तळाखालची उभी फळी पाण्याला रेटते. आडवें जाण्यास वाव नाहीं, म्हणून जहाज पुढें निसटतें. अगदीं वाऱ्याच्या तोंडावर तें जाऊं शकत नाहीं. पण सुमारें ४५ अंशांचा कोन राखून आधीं डावीकडे, मग उजवीकडे, असे घाटाच्या वळणांसारखे फेरे घेत तें वाऱ्याच्या दिशेनें वर चढतें. चौकोनी शिडास हें तितकेंसें साधत नाहीं, त्रिकोणी शिडास चांगलें साधतें. यामुळेंच चौकोनी शिडांचें ‘कौंडिण्य’ मोसमाची वाट पाहून निघालें. २९ डिसेंबर २०२५ रोजीं त्यानें पोरबंदर सोडलें आणि १४ जानेवारी २०२६ रोजीं तें मस्कतला पोंचलें.

नव्या तऱ्हेच्या शिडांच्या नौकांचा इतिहासही गोव्याशींच निगडित आहे. मांडवींतील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यांत बांधलेल्या ‘म्हादेई’ या १७ मीटरांच्या नौकेंतून कमांडर दिलीप दोंदे यांनीं २००९-१० त एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा केली. अशी प्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. पाठोपाठ अभिलाष टॉमी यांनीं २०१२-१३ त त्याच नौकेंतून, वाटेंत कोठेंही न थांबतां, ती पुरी केली. तिची धाकटी बहीण ‘तारिणी’. १० सप्टेंबर २०१७ रोजीं लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखालीं नौदलाच्या सहा स्त्रिया तींतून गोव्याहून निघाल्या आणि २५४ दिवसांनीं, २१ मे २०१८ रोजीं, परतल्या. दक्षिण अमेरिकेच्या टोंकाचें केप हॉर्न त्यांनीं ओलांडलें. शेवटच्या टप्प्यांत सुकाणूं बिघडल्यामुळें मॉरिशसला थांबावें लागलें. २०२४-२५ त दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनींच ती प्रदक्षिणा पुन्हां केली. एकत्र कुटुंबांत चार जावा एका स्वयंपाकघरांत वर्षभर नांदतात, त्याचें कौतुक कोणी करीत नाहीं. पण सहा जणींनीं १७ मीटरांच्या नौकेंत आठ महिने पाळीपाळीनें झोप, जेवण व सुकाणूं वांटून घेणें म्हणजे काय असेल, तें आमच्या वाचक भगिनींस चटकन् उमजेल.

अभिलाष टॉमींची पुढची कथा शर्यतींतली आहे. ‘गोल्डन ग्लोब’ या शर्यतींत १९६८ सालीं जीं साधनें होतीं तेवढींच वापरावयाचीं असा नियम आहे. उपग्रहाच्या साहाय्यानें ठिकाण सांगणारें यंत्र चालत नाहीं, होकायंत्र, सेक्स्टंट व कागदी नकाशे यांवरच भिस्त. २०१८ त दक्षिण हिंदी महासागरांत तुफानानें त्यांची नौका उलथली, पाठीच्या कण्यास जबर दुखापत झाली, आणि एका फ्रेंच बोटीनें त्यांस उचलून आणलें. हाच माणूस २०२२ त पुन्हां त्याच शर्यतींत उतरला व २०२३ च्या एप्रिलांत दुसरा आला. पहिली आली ती कर्स्टन न्यूशेफर ही दक्षिण आफ्रिकेची स्त्री.

शीड केवळ हौसेपुरतें उरलें आहे असें मात्र नव्हे. जगांतील हरितवायूंपैकीं सुमारें ३ टक्के जहाजांच्या धुरांतून निघतात. तेलाची किंमत निराळीच. म्हणून मालवाहू जहाजांवर पुन्हां शिडें चढूं लागलीं आहेत. २०२३ पासून युरोपांतून अग्निबाणाचे भाग फ्रेंच गियानास नेणारें ‘कॅनोपी’ हें जहाज यंत्राबरोबर विमानाच्या पंखासारखीं चार उभीं शिडेंही लावतें.

आतां खेळांकडे वळूं. आपल्या बुद्धिबळाच्या पटावर कोपऱ्यांत हत्ती उभा असतो. बंगाल्यांत त्याच सोंगटीस नौका म्हणतात; रशियनांत तिचें नांव होडीचें, आणि सयामी बुद्धिबळांतही होडीचेंच. बंगालचे सोळाव्या शतकांतील स्मृतिकार रघुनंदन यांनीं आपल्या ‘तिथितत्त्वां’त, कोजागरीच्या जागराच्या प्रसंगानें, चौघांनीं फांसे टाकून खेळावयाचा चतुरंगाचा प्रकार वर्णिला आहे, त्यांत राजा, गज, अश्व यांच्याबरोबर नौका आहे. नद्यांच्या मुलुखांत रथ रुतला आणि त्याच्या जागीं होडी आली, हें उघड आहे. समुद्रयान निषिद्ध मानणाऱ्या परंपरेच्याच एका धर्मशास्त्र्यानें पटावरच्या नौकेच्या चाली लिहून ठेवाव्यात, ही गंमत येत्या कोजागरीस दूध आटेपर्यंत घरांतील वडील मंडळींनीं मुलांस अवश्य सांगावी. आजचीं मुलें संगणकावर जहाजें हांकतात. फ्रान्सांतून निघणाऱ्या ‘वांदे ग्लोब’ या एकट्यानें करावयाच्या प्रदक्षिणेची संगणकावरील आवृत्ति २०२० च्या शर्यतींत दहा लाखांहून अधिक लोकांनीं घरबसल्या खेळली. तींत वारा खऱ्या हवामानाचाच असतो. पडद्यापुढें तासन् तास बसण्याचा आम्हांस तिटकारा आहे, पण वाऱ्याचा नकाशा वाचावयास लावणारा खेळ अगदींच वायां जात नाहीं.

खऱ्या पाण्यावरच्या खेळांत फरोख तारापोर व झरीर करंजिया यांनीं १९८२ च्या आशियाई सामन्यांत ‘फायरबॉल’ जातीच्या नौकांच्या शर्यतींत सुवर्णपदक मिळविलें. ती शर्यत मुंबईच्याच समुद्रांत झाली. त्यांना समुद्र शेजारीं होता. परंतु २०२३ त चीनमध्यें झालेल्या आशियाई सामन्यांत मुलींच्या लहान नौकेच्या शर्यतींत रौप्यपदक जिंकणारी नेहा ठाकूर ही मध्य प्रदेशांतील देवास जिल्ह्यांतल्या एका खेड्याची, शेतकऱ्याची मुलगी. तिचा गांव समुद्रापासून झरीइतकाच लांब. ती शीड शिकली भोपाळच्या तलावांत. तेथें सरकारी शाळा आहे, नौका आहेत व शिकविणारे आहेत. झरीवरून जिंतुराकडे पुढें गेलें कीं पूर्णेवरील येलदरीचें धरण आहे. पावसाळ्यानंतर तेथील पाणी कोसभर पसरलेलें असतें, आणि दुपारीं वाराही असतो.